बिनहरकत

माणूस वाईट नव्हता, असं त्यांच्याबद्दल सगळं वसमत म्हणतं. मीही काही वर्षं म्हणत होतो. आता म्हणत नाही. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. चांगल्या माणसानं चांगल्या मनानं आपल्याला मातीत घातलं, तर भांडायचं कुणाशी? त्यांच्याविषयी लिहायला बसलो की अजून हात जड होतो. तरी लिहावंसं वाटतं, कारण असला नमुना मी पुन्हा कुठं पाहिला नाही.

सगळे त्यांना ग्रेडरसाहेब म्हणत. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर त्यांची नोकरी झाली होती. गाडीतला मूठभर कापूस उपसायचा, अंगठा आणि बोटांत धरून धागा ओढायचा, उजेडाकडं करून पाहायचा आणि दर्जा सांगायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कापूस गेला, पण बोटांची सवय गेली नाही. नमस्काराला पुढं केलेला हात ते लवकर सोडतच नसत. अंगठ्यानं समोरच्याची बोटं चोळत राहायचे, डोळे बारीक करायचे आणि तोंडावर निकाल सांगायचे. "लांब धागा हाय." नाहीतर, "मध्यम. पण चालंल." एका नव्या तहसीलदाराला त्यांनी भर कचेरीत सांगितलं, "माल चांगला हाय साहेब, पण ओल जरा जास्त हाय." तहसीलदार संध्याकाळी घ्यायचे, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. कारकुनांनी माना खाली घातल्या. तहसीलदारांनी ते मनावर घेतलं नाही. उलट महिन्याभरात ते क्लबाचे सभासद झाले.

कारण हे सगळं क्लबासाठीच चालायचं. आमच्या गावात एक सेवा क्लब होता. डॉक्टर, वकील, हळदीचे आडते, साखर कारखान्याचे साहेब, असे लोक दर गुरुवारी संध्याकाळी एका मंगल कार्यालयात जमत. अध्यक्ष घंटा वाजवायचे, भाषणं व्हायची, मग जेवण. अधूनमधून डोळ्यांची तपासणी, शाळांना वह्यावाटप, स्मशानात बाकडी. ग्रेडरसाहेबांना त्या कामांत फारसा रस नव्हता. त्यांचं काम एकच, नवे सभासद आणणं. कुणीतरी एकदा त्यांना विचारलं, "ग्रेडरसाहेब, तुमचा क्लब करतो तरी काय?" ते म्हणाले, "वाढतो."

मे महिन्याच्या उन्हातही त्यांच्या अंगात निळा कोट असायचा आणि कोटाच्या कॉलरला क्लबाची पिन. त्यांच्या बायको, ज्यांना सगळे काकू म्हणत, सांगायच्या की कोट धोब्याकडं गेला तर ते पिन बनियनला लावून बसतात. काकूंचं आणखी एक वाक्य होतं, जे त्या हसत हसत म्हणायच्या आणि ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही. "यांनी सगळं गाव क्लबात घेतलं, मला तेवढं बाहेर ठेवलं." बायकांना त्या क्लबात जेवण वाढायला आणि आरती ओवाळायला प्रवेश होता.

माणूस गाठायला ते कुठंही जायचे. दातांचा नवा डॉक्टर आला तेव्हा हे दाढ दाखवायला म्हणून खुर्चीत बसले आणि तोंड उघडेनात. "आधी हो म्हणा, मग आ करतो." कारखान्याच्या एका रसायनतज्ज्ञाला त्यांनी परभणीच्या एसटीत धरला. त्याला वाटेत उतरायचं होतं, पण हे कडेच्या सीटवर वाट अडवून बोलत राहिले आणि तो बिचारा वसमतच्या स्टँडपर्यंत आला. मयतीलाही ते सोडत नसत. सरण पेटलं की लोक सावलीला बसतात, दहा मिनिटं कुणाला काही काम नसतं. ती वेळ त्यांना फार सोयीची वाटायची.

आणि एखादा सभासद सोडून गेला की मात्र त्यांचं सगळं अवसान जायचं. त्याला ते "गळती" म्हणत. बोंडातला कापूस वेचायच्या आत मातीत गळाला की शेतकऱ्याचा चेहरा होतो, तसा त्यांचा व्हायचा. जेवायचे नाहीत. गेलेल्याच्या दारावरून उगीच चकरा मारायचे. एका आडत्यानं रागाच्या भरात क्लब सोडला, तेव्हा हे त्याच्या ओट्यावर सकाळपासून बसून राहिले, आणि दुपारी तो आडत्या कंटाळून परत क्लबात आला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. या माणसाला भीती एकाच गोष्टीची होती, आणि पुढं जे झालं ते त्या भीतीपायी झालं.

त्यांची सगळ्यात गाजलेली रीत म्हणजे चहाची. ज्याला सभासद करायचं त्याच्या घरी सकाळी जायचं, बसायचं, गप्पा मारायच्या, आणि चहा आला की कपाला हात लावायचा नाही. "हो म्हणा, मग पितो." आमच्याकडं दारी आलेल्यानं चहा नाकारला तर घरच्यांना ते लागतं. घरातली बाई दारात येऊन उभी राहते, चहावर साय धरते, शेवटी नवऱ्याला आतून इशारे होतात आणि तो हो म्हणतो. अर्धा क्लब या चहावर उभा होता.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता त्या सुमारास मी वसमतला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. लग्न झालेलं नव्हतं. आई माझ्याजवळ राहायला आली होती. आमचं घर बौद्ध, मूळ गाव सेनगावच्या पलीकडं. वडिलांनी सालगडी म्हणून लोकांचे बैल राखले आणि मी त्याच जातीच्या बैलांना सुया टोचू लागलो, याचं आईला फार कौतुक होतं. मला त्या गावात एकच गोष्ट खटकायची. गाय अडली की लोक रात्री-बेरात्री मला न्यायला यायचे, मान द्यायचे, पण मागच्या दारानं. गोठ्यातून मला निम्म्या वसमतची घरं माहीत होती. बैठकीतून एकही माहीत नव्हतं. कुणी मुद्दाम करत होतं असं मी म्हणत नाही. गुरांचा डॉक्टर गोठ्यातच जाणार. पण हात धुऊन झाल्यावर कुणी "आत या, बसा" म्हणतं का, तेही मी पाहायचो. क्लबातली माणसं म्हणजे त्याच बैठकीतली माणसं. मला त्यांच्यात बसायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

म्हणून ग्रेडरसाहेब एका सकाळी माझ्या दारात उभे राहिले तेव्हा मी मनातून हरखलो. त्यांनी हात धरला, बोटं चोळली आणि ओरडलेच, "लांब धागा! अहो डॉक्टर, इतके दिवस तुमी होता कुठं?" मग क्लबाचा कायदा समजावून सांगितला. एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा. माणसांच्या डॉक्टरांची जागा कधीच भरलेली. "पण गुरांचा डॉक्टर! ती जागा रिकामी हाय, बराबर तुमच्यासाठी ठेवल्यावानी."

आईनं नवी कपबशी काढली होती. चहा समोर ठेवला. ग्रेडरसाहेबांनी हात लावला नाही. बोलत राहिले. आई आत-बाहेर करत होती. मी मुद्दाम लगेच हो म्हटलं नाही, थोडा भाव खात होतो. तेवढ्यात आईनं मला आत बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता.

"तेला जाऊ दे बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "काहून बसवून ठेवून राहिला? तेला आपल्या घरचं चालत न्हाई."

"माय, तसं न्हाई. ती त्यांची रीतच हाय. सगळ्यांच्याच घरी असं करतात."

"मी काय आज पाहून राहिली का हे?" ती म्हणाली. तिच्या लहानपणी गावात चहाच्या दुकानी आमच्या लोकांची कपबशी वेगळी असायची, बाहेर वळचणीला खोचून ठेवलेली. आपली आपण विसळून घ्यायची आणि परत खोचायची. तिला कुणी हे शिकवायची गरज नव्हती.

मी तसाच बाहेर आलो आणि म्हणालो, "ग्रेडरसाहेब, मी क्लबात यायला तयार हाय." त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला, बशीतला सांडलेलाही प्यायले आणि आत पाहून ओरडले, "माय, अजून एक कप टाका! तुमचं पोरगं आता आमचं झालं." दुसऱ्या कपाबरोबर आईनं त्यांना चिवडा दिला. ते गेल्यावर तिनं नवी कपबशी विसळून फळीवर ठेवली. मग म्हणाली, "मी उगाच वाईट बोलले रे तेला." मला त्या सकाळी हा माणूस फार आवडला. हे आज लिहितानाही खरं आहे.

नव्या सभासदांना पिन लावायचा कार्यक्रम गुरुवारी होता. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. घंटा वाजली. नव्या सभासदांची नावं पुकारू लागले, एकेक जण वर जाऊन पिन लावून घेऊ लागला. मग अध्यक्ष म्हणाले, "पशुसेवा या जागेवर आपण घेत आहोत..." आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. नाव गुरांची सरकी पेंड विकणाऱ्या एका दुकानदाराचं होतं. तो वर गेला. पिन लावून घेताना तो स्वतःच जरा गोंधळलेला दिसत होता. मी खाली बसलो. आईला काही कळलं नाही. ती टाळ्या वाजवत होती.

शेवटी अध्यक्षांनी माझंही नाव घेतलं. "डॉक्टरसाहेबांनी बाहेर राहूनच आपल्या क्लबाला मदत करायचं ठरवलं आहे. आपण त्यांचा सत्कार करू." मला वर बोलावलं, शाल घातली, नारळ हातात दिला. आमच्याकडं ज्याला जवळ बसवायचं नाही त्याचा सत्कार करतात. त्यानंतर तो माणूस काही मागू शकत नाही, कारण त्याच्या खांद्यावर शाल असते. मी हात जोडले. खाली आई डोळे पुसत होती, आनंदानं.

बाहेर चपला घालताना मी ग्रेडरसाहेबांना गाठलं. "काय झालं?"

ते माझ्याकडं बघेनात. "एकाची हरकत आली, डॉक्टर. एकाची जरी हरकत आली तरी नाव मागं घ्यावं लागतं. कायदा हाय."

"कोणाची?"

"ते सांगता येत न्हाई. तो बी कायदाच हाय." मग त्यांनी माझा दंड दाबला. "मन खट्टू करू नका. सत्कार कसा जोरात केला आपण!"

आईनं ती शाल गावाकडं नेली, दारोदार दाखवली. "माझ्या पोराचा वसमतमंधी सत्कार झाला." मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुझंच खरं होतं, असं? मरेपर्यंत ती ग्रेडरसाहेबांचं नाव निघालं की म्हणायची, लई भला माणूस.

आणि मी वसमतमध्ये तोंडं वाचत फिरू लागलो. हरकत कुणाची, एवढाच विचार. दातांचा डॉक्टर रस्त्यात हसला की वाटायचं, हाच. आडत्यानं गाडी थांबवून "बसा, सोडतो" म्हटलं की मी म्हणायचो, चालत जायचंय. एका वकिलांच्या जर्सी गाईला मी पूर्वी स्वतः जाऊन पाहायचो, आता कंपाउंडरला पाठवू लागलो. त्या वकिलांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घरी आणून दिली, आत येऊन बसले, पाणी प्यायले. मी लग्नाला गेलो नाही. ज्यानं क्लबात नको म्हटलं तो मांडवात कशाला बोलावतो, असं मला वाटलं. हळूहळू लोकांनी बोलावणं बंद केलं. मग मी बदली मागितली. सेनगावातून बदली मागणारे पुष्कळ असतात, सेनगाव मागून घेणारा मी एकटाच निघालो. आमचे वरचे साहेब म्हणाले, "काही भानगड केली का तिकडं?"

पाच-सहा वर्षं गेली. एकदा नरसीला जनावरांचं लसीकरण आटोपून मी रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेत होतो. समोर एक मोटार थांबली आणि ते वकील उतरले. देवदर्शनाला आले होते. मला पाहून क्षणभर थबकले, मग येऊन शेजारच्या बाकड्यावर बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू? राग नका मानू. आमी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"तुमी?"

"आमी म्हणजे सगळेच. क्लबात यायला तुमी नको म्हणाले, ते ठीक हाय. पण तुमच्यासारख्या लोकांत मला बसायचं न्हाई, असं काहून म्हणाले? आमाला लई लागलं ते."

मी म्हणालो, "मी असं कधी म्हणालो?"

"ग्रेडरसाहेबांनी सांगितलं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आले अन् म्हणाले, डॉक्टर तयार न्हाईत, नाव काढा. त्या पेंडवाल्याला त्यांनीच ऐन वेळी घातला. अध्यक्ष म्हणाले, निदान सत्कार तरी करू."

"अन् हरकत कोणी घेतली होती?"

"कशाची हरकत?" वकील माझ्याकडं बघतच राहिले. "आमच्या क्लबात आजवर कोणाच्या नावाला हरकत आली न्हाई. ग्रेडरसाहेब आणतील तो माणूस घ्यायचा. दुसरा कायदाच नव्हता आमचा."

वकील खोटं बोलत असतील, असंही मी मनात म्हणून पाहिलं. पण लग्नाची पत्रिका घेऊन घरी आलेला माणूस तोच होता. त्यानं तेव्हा माझ्या घरी पाणी मागून घेतलं होतं, आणि मी त्याच्या तोंडाकडं संशयानं बघत उभा होतो. मला इतका संताप आला की वकिलांना नीट रामराम न करता मी उठलो आणि वसमतची जीप पकडली.

ग्रेडरसाहेब खाटेवर होते. अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. काकूंनी मला आत नेलं. ओळखलं त्यांनी लगेच, खुश झाले. मी बसलो नाही. वकील काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "खरं हाय का?"

"बराबर हाय," ते म्हणाले. सहज. थोडी जीभ अडखळत होती तेवढंच.

"कोणाचीच हरकत नव्हती?"

"आली नव्हती. पण आली असती ना, डॉक्टर. मी सगळ्यांना वळखतो. दोघं-तिघं तरी उठून गेले असते. ते गेले की त्यांच्या मागं अजून चार. अन् तुमचा अपमान झाला असता चारचौघात. म्हणून मी दोन्हीकडून मिटवून टाकलं. तुमाला बी तकलीफ न्हाई, क्लबाला बी न्हाई."

"ते उठून गेले असते का न्हाई, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं होतं."

"अन् गेले असते मग?"

"मग मला कळलं असतं ना, कोण गेलं अन् कोण बसलं! मी सगळ्या गावाला दुश्मन धरून बसलो. माझी माय तुमाला भला माणूस म्हणत मेली. निम्मं वसमत माझ्यासाठी बंद केलं तुमी, ग्रेडरसाहेब!"

माझा आवाज चढला होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. ग्रेडरसाहेब माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कपट नव्हतं, खरोखरचं आश्चर्य होतं. याच्यासाठी आपण एवढं केलं आणि हा ओरडतो कशाला, असं. कुणी शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती. मी वळलो.

दारापर्यंत गेलो तोच त्यांनी हाक मारली. "डॉक्टर."

मी थांबलो. वाटलं, आता तरी काहीतरी म्हणतील.

"तुमच्या दवाखान्यात इथं नवा डॉक्टर आला म्हणे. पोरगं चांगलं हाय, असं ऐकलं. पेंडवाला मागंच वारला, ती जागा रिकामी हाय." चांगल्या हातावर जोर देऊन ते थोडे उठून बसले. "आडनाव काय त्याचं?"

मी सांगितलं नाही.